शालनचं नाक

शालन उबाळेच्या घरी कधी गेलात आणि तुमच्या हातातली पिशवी तिने आधी नाकाशी नेली, तर राग मानू नका. ती माझीही हुंगते. आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात होतो, तिचा नवरा केरू माझा दोस्त, आणि भातसानगरला धरणाच्या ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी करून मी निवृत्त झालेला माणूस. एवढी ओळख तिच्या नाकाला पुरत नाही. मागे एकदा शहापूरहून पावशेर बर्फी नेली होती. तिने पुडा उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "कालची हाय." खरोखरच कालची होती.

ह्या नाकाची गोष्ट डिझेलच्या झाडापासून सुरू होते. वीसेक वर्षांपूर्वी गावात एक जीपवाला आला. बांधावर हे झाड लावा, त्याच्या बियांतून डिझेल निघतं, बिया आम्हीच विकत घेऊ, असं सांगून रोपं वाटून गेला. केरू भोळा. तो कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता, शालन एकुलती एक म्हणून घरजावई होऊन आमच्या गावात राहिलेला. त्याने सासूच्या शेताचा अख्खा बांध त्या रोपांनी भरून टाकला. जीप काही परत आली नाही. झाडं मात्र वाढली, बिया धरल्या, आणि त्यांची सहा वर्षांची पौर्णिमा त्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मूठभर खाऊन बसली. दोन दिवस पोर शहापूरच्या दवाखान्यात उलट्या करत होती. वाचली. आज ती कल्याणला नर्स आहे. तिसऱ्या दिवशी शालनने कोयता घेऊन बांध साफ केला, आणि तेव्हापासून घरात जे जे येईल ते तिच्या नाकाखालून जायला लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई पाणीसुद्धा फुंकून पिते.

पुढे तिने धिंगरीचा, म्हणजे अळिंबीचा धंदा धरला आणि तिच्या संशयाला पहिल्यांदाच काम मिळालं. काम तसं सोपं आहे. भाताचा पेंढा उकळून पिशव्यांत दाबून भरायचा, मध्ये मध्ये बुरशीचं बियाणं टाकायचं, पिशव्या शेडमध्ये दोरीला टांगायच्या. दोन-तीन आठवड्यांत पेंढ्यावर पांढरं जाळं चढतं आणि मग पिशवीच्या भोकांतून धिंगरीचे पंखे बाहेर येतात. पण एका पिशवीत हिरवी बुरशी शिरली की शेजारच्या दहा जातात. शालन रोज सकाळी पिशवीन् पिशवी हुंगत फिरते. हिरवा डाग दिसायच्या दोन दिवस आधी तिला वास लागतो. ती पिशवी ती उचलते आणि लांब नेऊन पुरते. मुरबाडकडच्या बायका तिच्याकडे हे शिकायला येतात. शालनच्या मते त्या चोरायला येतात.

चोरण्यावरून आठवलं. तिच्याकडे आईच्या वेळचं एक तांबडं भात आहे. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. उतारा कमी, जरा वारा सुटला की आडवं पडतं, पण पेज करावी तर त्याचीच. बियाणं तिने कधी कुणाला दिलं नाही. रोपांसाठी आम्ही पावसाआधी एका तुकड्यावर शेण, पाला, पेंढा पसरून तो भाजतो, त्याला राब म्हणतात. लोक एक राब करतात. शालन ह्या भातासाठी दोन करायची, एक घराजवळ आणि एक खाली ओढ्याकडे. एकाला काय झालं तर, म्हणून.

सात वर्षांपूर्वी कापणीच्या तोंडावर तिच्या शेताच्या कोपऱ्यातल्या हातभर पट्ट्यातल्या लोंब्या कुणीतरी खुडून नेल्या. कोपऱ्याला लागून आमचं शेत. शालनने सरळ माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं, सकुबाईवहिनीचं नाव घेतलं. वहिनीने रडून, शपथा घेऊन गाव गोळा केला. तेव्हा मी पुढे झालो. माझी वहिनी असल्या गोष्टीला शिवणार नाही, असं म्हणालो, आणि तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण रागाच्या भरात पुढे बोललो, की जी तुमच्याकडचं पाणी पीत नाही ती तुमचं भात कशाला नेईल?

वाक्य खरं होतं, म्हणूनच ते वाईट होतं. शालनचे घरचे बौद्ध. आमच्या आईच्या काळात त्यांच्याकडचं पाणी आमच्या घरात चालत नसे. मग काळ बदलला, मी आणि केरू एका ताटात जेवायला लागलो, पण वहिनीपर्यंत तो काळ काही पोचला नाही. शालनने माझ्याकडे बघितलं आणि घरी निघून गेली. माझ्याशी ती दोन वर्षं बोलली नाही. वहिनीशी आजतागायत नाही, म्हणजे ह्या जुलैपर्यंत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर इंद्रजीत आला. मुरबाडकडचा, तिशीचा, मुंबईच्या एका कॉलेजात बुरशीवर संशोधन करणारा. जय भीम घालून ओट्यावर बसला आणि त्याने शालनकडे तिच्या संपलेल्या पिशव्या मागितल्या. तीन तोडे झाले, म्हणजे तीनदा धिंगरी काढली, की पिशवी संपते, खताच्या खड्ड्यात जाते. टाकाऊ मालाला गिऱ्हाईक आलेलं बघून शालनचा जीव घाबरा झाला.

त्याने सगळं समजावून सांगितलं. कुठल्याशा खाडीत तेल वाहून नेणारी बार्ज बोट फुटली होती आणि तळाचा गाळ तेलाने माखला होता. लाकडातला जो चिवट भाग किडासुद्धा खात नाही, तो ही धिंगरीची बुरशी स्वतःचा रस सोडून विरघळवते आणि खाते. तेलाचा चिवटपणा तिला तसाच पचवता येतो. तुमच्या पिशवीतला पेंढा संपतो काकू, पण बुरशीची भूक संपत नाही, असं तो म्हणाला. इथवर ठीक होतं. मग त्याने हळूच सांगितलं, की पिशव्या मुंबईला नेईपर्यंत तापून मरतात, कॉलेजात जागा नाही, परवानगीचे कागद आणलेत, तर दहा टब गाळ तुमच्या मागच्या रिकाम्या शेडमध्ये ठेवता येईल का.

"पाणी आमचं मुंबईला जातं, न् चिखल मुंबईचा आमच्याकडं येतो," शालन म्हणाली. "बरी हाय वाटणी."

तो हसला. ती हसली नाही. तो गेल्यावर मी म्हटलं, पोरगा सरळ वाटतो, शिवाय तुमच्यातलाच आहे. त्यावर तिने मला ऐकवलं की आपला म्हणून आला ना, मग दोनदा बघायला हवा. परका फसवतो तो दारात उभा राहून, आपला फसवतो तो घरात बसून.

तरी तिने होकार दिला. का दिला ते तिने सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला त्या बुरशीचा अभिमान होता आणि ती काय काय खाऊ शकते ते तिलाच बघायचं होतं. अटी मात्र तिच्या. गाळ जमिनीला लागता कामा नये, टबाखाली दुहेरी प्लास्टिक. शेडला कुलूप, किल्ली तिच्या कनवटीला. आणि शेडबाहेर पाण्याचा एक थेंब जाता कामा नये. ह्या शेवटच्या अटीवर इंद्रजीत अडला. गाळ समुद्राचा आहे, खारा आहे, आधी दोनदा गोड्या पाण्याने धुवायला हवा, असं तो म्हणाला.

"धुतलेलं पाणी जाणार कुठं? वढ्यात. वढा कुठं जातो? भातसात. मंग आमच्या नावानं बोंब."

त्याने थोडा विचार केला आणि ठीक आहे म्हणाला. न धुता करू, खाऱ्यातही बुरशी चालते का तेही कळेल. मी तिथेच होतो. हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि नंतर ते माझ्याही ध्यानात राहिलं नाही.

डिसेंबरात टेम्पो आला. झाकणं उघडली तेव्हा शालन वाकली आणि खोकत मागे सरली. स्टोव्ह, मेलेला मासा आणि गंजलेलं लोखंड, तिन्ही एकदम, असं तिने वर्णन केलं. आम्हाला तर नुसतं रॉकेल वाटलं. संध्याकाळपर्यंत गावात चार गोष्टी झाल्या होत्या. गाळात सोनं सापडलंय. गाळात बुडालेल्या जहाजातली माणसं आहेत. ही सगळी जमीन कंपनीला जाणार आहे. शालनच्या शेजारचा धर्मा म्हणाला, त्याच्या म्हशीचं दूध आटलं. म्हैस सहा महिन्यांची गाभण होती, पण ते कुणी ऐकून घेईना. मी स्वतः हसत होतो आणि तरी दर रविवारी ओढ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरून बघत होतो. धरणाच्या ऑफिसात नोकरी केली की एवढी खोड लागतेच.

शालनचा संशय मात्र कामाचा होता. टबांतल्या गाळात संपलेल्या पिशव्यांचा पेंढा मिसळला, तेव्हा तिने त्याच गाळाची एक बादली काही न मिसळता कोपऱ्यात ठेवली आणि इंद्रजीतला बजावलं की हिला हात लावायचा नाय, टबातलं तुमच्या औषधानं बदललं का आपोआप बदललं ते मला ह्या बादलीवरून कळेल. इंद्रजीत तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, काकू, आम्ही यालाच कंट्रोल म्हणतो, मी आज ठेवणारच होतो. तिने मान हलवली, पण तिला आनंद झालेला मला कळला. मग दर शनिवारी तो यायचा, टबांतून नमुने घ्यायचा, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचा, आणि ती त्याच्या मागे उभी राहून प्रत्येक टब हुंगायची. तो यंत्राचा आकडा सांगायच्या आधी ही सांगायची की तीन नंबरचा मागं हाय, सात नंबरचा पुढं हाय. बहुतेक वेळा आकडा तसाच यायचा.

जानेवारीत काळ्या गाळावर पांढरे धागे दिसायला लागले. शिमग्यापर्यंत टबांचे वरचे थर पांढरेफटक झाले आणि वास बदलला. आधी रॉकेल गेलं, मग मासा गेला, राहिला तो पावसाळ्यातल्या रानाच्या मातीचा वास. कोपऱ्यातल्या बादलीला मात्र तोच डिसेंबरचा वास होता.

राब भाजायचे दिवस आले तेव्हा शालनने तिची स्वतःची परीक्षा घेतली. मला आणि केरूला साक्षीला बोलावलं. दोन दगडांवर मूठ मूठ वाळवलेली माती पेंढ्यात घालून पेटवली, एक बादलीतली, एक टबातली. बादलीतल्या मातीचा काळा धूर निघाला, दगडावर काजळी धरली. टबातली जळली शेणीसारखी, निळसर धूर आणि पांढरी राख. शालनने ती राख चिमटीत घेऊन हुंगली.

"गेलं," ती म्हणाली. तिला इतकं खूश झालेलं मी शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. घरी जाऊन तिने आम्हाला तांबड्या भाताची पेज घातली.

त्या आठवड्यात इंद्रजीत आला तो घाईत. शेवटचा रिपोर्ट यायला दोन महिने लागतील, मग गाडी येईल आणि टब घेऊन जाईल, तोवर कुलूप राहू द्या, आणि ही माती कुणी शेतात नेऊ नका, एवढं बोलून तो गेला. का नेऊ नका, ते बोलला नाही.

तिथे शालनचा संशय उलटा फिरला. चार महिने तिला वाटत होतं की पोरगा आपल्याकडे विष ठेवतोय. आता तो नको म्हणाला म्हणजे त्यात काहीतरी अमृत असणार.

"बघ ना रे ज्ञाना," ती ओट्यावर मला म्हणाली. "शेड माझी, पिशव्या माझ्या, नाक माझं. आता वास गेला, माती काळीभोर झाली, न् आता ह्याची गाडी येणार. जीपवाला देऊन पळाला. हा घेऊन पळणार."

खोटं कशाला सांगू, मला पटलं. केरू एकटाच म्हणाला की पोरगा नको म्हणाला ना, मग नको. पण केरूचं कोण ऐकतो? डिझेलचं झाड त्यानेच लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि केरूने बांबूला टांगून चार टब बाहेर काढले आणि घराजवळच्या राबावर पसरले. वर पाला, शेण टाकून राब भाजला. माती अशी मऊ झाली की पाय ठेवताना जपावंसं वाटत होतं. ओढ्याकडचा दुसरा राब ह्या वर्षी तिने भाजलाच नाही. असली माती असताना दुसरीकडे कशाला दाणे टाकायचे, असं म्हणाली. जूनमध्ये तांबड्या भाताचं होतं नव्हतं तेवढं बियाणं तिने त्या एका राबात पेरलं.

उगवण झकास झाली. मग पावसाने आठ दिवस दडी मारली आणि ऊन पडलं. एका सकाळी शालनने मला हाक मारून बोलावलं. राबाच्या मातीवर पांढरी झाक आली होती, धाग्याधाग्यांची.

"जाळं चढलंय," ती म्हणाली. "माझी बुरशी जित्ती हाय अजून."

रोपांचे शेंडे जरा पिवळे दिसत होते. पाण्याची ओढ, आम्ही म्हटलं. केरूने दोन हंडे शिंपडले. तिसऱ्या दिवशी शेंडे करपल्यासारखे झाले आणि शालन राबात गुडघ्यावर बसली. तिने मातीला नाक लावलं. बराच वेळ तशीच होती. वास चांगला होता, तोच रानाचा. मग तिने ती पांढरी झाक नखाने खरवडली आणि जिभेवर ठेवली.

मी तिचा चेहरा बघत होतो. ती थुंकली नाही, काही नाही. नुसती बोटं पदराला पुसली.

"मीठ," ती म्हणाली.

आम्ही भातखाचरातली माणसं. खाडीकाठचा कुणीही शेतकरी असता तर पांढरी झाक बघूनच डोक्याला हात लावला असता. आम्ही तेलाच्या मागे लागलो होतो. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तिघांनी ओढ्याचं पाणी आणून राब धुतला. ओढ्यात एक थेंब जाऊ नये म्हणणाऱ्या बाईच्या राबातलं पाणी त्या दिवशी ओढ्यातच जात होतं, आणि तिने तिकडे बघितलंही नाही. पण मुळं जळून गेली होती. चार दिवसांत राब पिवळा होऊन बसला.

शनिवारी इंद्रजीत आला. शेडमध्ये सहाच टब बघून तो बाहेर आला आणि राब बघून बांधावर बसला. मला वाटलं ओरडेल. त्याचंही नुकसान झालं होतं, त्याचं चार टबांचं काम आमच्या चिखलात मिसळलं होतं.

"काकू, मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "बुरशी तेल खाते. मीठ खात नाही."

"म्हटलं होतंस ना. तू नको म्हटलंस म्हणून तर घातलं."

त्याने एक करपलेलं रोप उपटून मुळं बघितली. मग म्हणाला की चूक माझीही आहे, नको म्हणालो पण का नको ते सांगायला हवं होतं. रिपोर्ट आला होता. तेल बरंचसं गेलं होतं आणि सहा टब पुरे होते, त्याचं काम वाचलं. शालनने त्याला चहा दिला. जाताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तिने त्याला मध्येच धरलं आणि तशीच आत निघून गेली.

त्यानंतर ती शेडमध्ये जाईना. पिशव्या हुंगायला कुणी नाही, एक रांग हिरवी पडली. मी गेलो की ती ओट्यावर बसलेली असायची. घरात तांबड्या भाताचा एक दाणा नव्हता. उरलेलं सगळं आम्ही पेजेत प्यालो होतो, माझ्या ताटातसुद्धा ते आलं होतं.

"मिठाला वास नसतो रे ज्ञाना," ती एकदा म्हणाली. "आईनं एवढी वर्सं टिकवलं. माझ्या हातनं मेलं."

मी घरी आलो आणि जेवताना सगळं सांगितलं, दाणा नाही राहिला हेही सांगितलं. सकुबाईवहिनी समोर बसली होती. तिचा घास हातातच राहिला. मग ती ताटावरून उठली आणि हात धुवून परसात गेली. मला वाटलं, सात वर्षांच्या वैरिणीचं वाटोळं झालं, आता आनंदाने हिला जेवणही सुचत नसेल. मनातल्या मनात मी तिला नावंही ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पदराखाली काहीतरी घेऊन शालनच्या वाटेला लागली. आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग गेलो. शालन ओट्यावर होती. वहिनी अंगणात उभी राहिली, पदराखालून स्टीलचा डबा काढला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. शालनने वर बघितलं, डबा उघडला, मूठभर दाणे नाकाशी नेले. लालसर टरफलाचे दाणे होते ते.

"वास काय घेतेस गो," वहिनी म्हणाली. "तुजंच हाय."

"म्हंजे तूच."

"मीच. परसात वाफाभर लावते दर वर्साला. कुणाला दिसू नाय दिलं."

परसातला तो वाफा मी रोज बघत होतो, भाताचाच होता, पण कुठल्या भाताचा ते विचारावंसं मला कधी वाटलं नाही. वहिनी खाली मान घालून बोलत राहिली. पहिल्या बाळंतपणात ती महिनाभर तापाने पडली होती, पोटात काही ठरत नव्हतं. तेव्हा शालनची आई मागच्या दाराने तांबड्या भाताची पेज आणून द्यायची आणि ही सासूला न कळू देता प्यायची. तिच्यानेच मी उठले, असं वहिनी म्हणाली. मग म्हातारी गेली. बियाणं मागायचं कसं? जिच्या घरचं पाणी आपण चारचौघांत पीत नाही, तिच्याकडे भात मागायला तोंड नव्हतं. म्हणून एका रात्रीत लोंब्या खुडल्या. आणि मग तो गाव गोळा झाला, दीर पुढे होऊन बोलला, आणि खरं सांगायची सोयच राहिली नाही.

दीर म्हणजे मी. शालनने माझ्याकडे बघितलं, सात वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच. मी मान खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

शालन उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने वहिनीच्या समोर ठेवला. तो पाहुणचार होता की परीक्षा, मला ठरवता येईना. वहिनी ओट्यावर बसली. तिने तांब्या उचलला आणि माझ्यासमोर, अंगणाच्या फाटकातून बघणाऱ्या धर्मासमोर, सगळं पाणी प्याली.

उशीर झाला होता, पण दाणे भिजवून, मोड आणून, चिखलात हाताने विखरून फोकले तर अजून रोपं होण्यासारखी होती. शालनने घरातून सूप आणलं, डब्यातले दाणे त्यात ओतले आणि हाताने दोन भाग केले. एक भाग भिजत घालायला केरूकडे दिला. दुसरा परत डब्यात भरला, झाकण दाबलं आणि डबा वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"हे तुज्याकडंच राहू दे," ती म्हणाली. "माज्या हातनं काय झालं तर."

वहिनी म्हणाली की किती दाणे आहेत ते मोजून तरी घे, पुन्हा बोलणी नकोत. शालन तोवर शेडकडे निघाली होती. हिरव्या पडलेल्या पिशव्या काढायच्या होत्या. तिने मागे वळूनही बघितलं नाही.